पंचवीस किलोची मूठ

माझा उजवा हात निकामी झाला त्याच आठवड्यात आमच्या कंपनीत आनंद आला.

कंपनी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. आमच्या कंपनीच्या वाट्याला त्यातला एखादा तरी तारा आला असेल असं मला अकरा वर्षांत दिसलेलं नाही. कामगारांच्या संडासाला कडी नाही. तर तिथं माझ्या मशीनवरून बारा किलोचं कास्टिंग घसरलं आणि मनगटावर बसलं. क्लॅम्प ढिला आहे हे मी तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा उत्तर आलं, ‘बघू.’ मग बघितलं सगळ्यांनी, गोल करून.

दोन हाडं मोडली. सहा आठवडे प्लास्टर. आणि त्याच आठवड्यात गेटवर फ्लेक्स लागला: ‘छोटी कृती, मोठा आनंद!’ त्यावर टाय लावलेला एक माणूस दात काढून उभा. त्यांना मोटिव्हेशनल सर म्हणायचं. सरांनी कॅन्टीनमध्ये दोन तास भाषण दिलं म्हणे. रोज एक छोटं चांगलं काम करा. त्यानं मन फुलतं, समाज फुलतो आणि उत्पादन वाढतं. ह्या तिन्हीतलं कंपनीला नेमकं काय पाहिजे होतं ते सांगायला सर लागत नाहीत.

एचआरच्या तेजस्वी मॅडमनी लगेच व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. रोज चांगलं काम करायचं आणि फोटो टाकायचा. फोटो नाही म्हणजे काम झालंच नाही. मी घरी प्लास्टर धरून बसलो होतो, तरी मलाही ग्रुपात घेतलं. पक्ष्यांना पाणी ठेवलेली एकच निळी वाटी नऊ जणांच्या फोटोत दिसली. गेटवरच्या म्हाताऱ्या कुत्र्याला एका दिवसात एकवीस बिस्किटपुडे मिळाले. चौथ्या दिवशी त्याला हगवण लागली, तर त्याला दवाखान्यात नेतानाचाही फोटो आला. तेही चांगलं काम.

मग चांगलं काम माझ्या घरी आलं. तेजस्वी मॅडम, बरोबर दोघं, आणि फळांची परडी.

“कृष्णात, जरा हसा ना.”

“हसतोय की.”

“दात दिसू देत.”

दात दाखवले. फोटो झाला. तीन केळी काढून टेबलावर ठेवली आणि परडी परत नेली. आणखी एक पेशंट होता गोकुळ शिरगावला.

प्लास्टर काढलं तेव्हा आतून जे निघालं ते माझं आहे असं मला वाटेना. बोटं वाळल्या शेंगांसारखी. कंपनीच्या डॉक्टरनं हातात मुठीचा जोर मोजायचं यंत्र दिलं आणि म्हणाला, दाबा. मी घाम येईपर्यंत दाबलं.

“साडेसहा किलो,” तो म्हणाला. “मशीनवर जायला पंचवीस लागतात. पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला परत या.”

“आणि नाही झालं तर?”

तो कागदांत बघायला लागला. मी कंत्राटी. कंत्राटी माणसाला काढत नाहीत, नुसतं परत बोलवत नाहीत. तीस तारखेला सात आठवडे होते.

त्यानं एक पिवळा रबरी चेंडू दिला. रोज तीनशे वेळा दाबायचा. मी दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी त्या चेंडूवर छापलेला हसरा चेहरा बघून डोकं फिरलं आणि खिडकीतून फेकला. गल्लीतल्या कुत्र्यानं नेला. कुत्र्याचा जबडा सुधारला असणार.

नंतर मी काय केलं? काही नाही. खाटेवर बसून हाताकडं बघितलं. बायको अनुजा साडीच्या दुकानात उभी राहून राहून पाय सुजवून यायची आणि मी तिच्यावर खेकसायचो, कारण खेकसायला बोटं लागत नाहीत. आठवडाभर तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बघून बघून तो वाढणार हाय व्हय? उठा. यल्लव्वाअक्काकडनं दहा भाकरी आणा. मी आज चूल पेटवणार न्हाय.”

यल्लव्वाअक्काचं भाकरी केंद्र आमच्यापासून चार घरांवर. केंद्र म्हणजे पत्र्याखालच्या दोन शेगड्या, दोन तवे, एक लाकडी काठवट आणि साठीची अक्का. निपाणीकडची, सगळ्या गल्लीला तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ, आणि सगळ्या गल्लीला धाकट्या भावासारखंच झापते. नर्सिंगच्या पोरींच्या हॉस्टेलला रोज अकराच्या आत शंभर भाकरी द्यायचं काम तिच्याकडं. तिची जोडीदारीण शालूबाई लेकीच्या बाळंतपणाला पन्हाळ्याला गेली होती. अक्काचा उजवा खांदा धरला होता. हात छातीच्या वर जात नव्हता. अंबाडासुद्धा शेजारीण घालून द्यायची.

“दहा भाकरी द्या, अक्का.”

“न्हाईत.”

“मग ही चळत कशाची?”

“पोरींची हाय. अजून साठ व्हायच्यात. तुला पायजे असतील तर बस. तू मळ, मी थापतो.”

“अक्का, हात मोडलाय.”

“दोन्ही?”

ह्या बाईला कुणी मोटिव्हेशन शिकवलं नव्हतं, म्हणून ती थेट बोलत होती. मी बसलो आणि डाव्या हातानं मळायला लागलो. अक्कानं दोन गोळे बघितले, तिसऱ्याला तोंड उघडलं.

“उजवा काय जोतिबाला वाहिलाईस?”

उजवा हात काठवटीत घातला. उकळत्या पाण्यात भिजवलेलं जोंधळ्याचं पीठ. तळहाताच्या बुडानं रेटायचं, बोटांनी ओढायचं, परत रेटायचं. पहिल्या रेट्याला डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि तोंडातून जे आलं ते छापता येणार नाही.

“शिव्या भाईर, हात आत,” अक्का म्हणाली.

त्या दिवशी मी अकरा भाकरींचं पीठ मळलं. बाकीचं तिनंच कण्हत मळलं. निघताना दहा भाकरी दिल्या आणि म्हणाली, “उद्या सातला ये. साडेसातला आलास तर पोरी उपाशी ऱ्हातील. तुझ्या नावानं बोंबलतील.”

दुसऱ्या दिवशी सातला गेलो. तिसऱ्या दिवशीही. मन फुललं का? नाही. भूक लागली. दुपारी थकून झोप आली आणि झोपलेला माणूस खेकसत नाही, एवढा अनुजाचा फायदा. आठव्या दिवशी भरलेला तांब्या उजव्या हातानं उचलला. वर नेऊन पाणी प्यालो. अक्कानं बघितलं आणि दुसरं पीठ पुढं सारलं.

तीन आठवड्यांत मी एकट्यानं शंभरचं पीठ मळायला लागलो. अक्का नुसती थापायची आणि भाजायची. तिचं कण्हणं कमी झालं, त्याबरोबर तोंड वाढलं. एकदा म्हणाली, “शालूपेक्षा बरा मळतोस.” लगेच वर जोडलं, “शालू वाईटच मळती.”

इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं, कारण कुणी फोटो काढला नव्हता.

अमरसिंह माझा तालमीतला दोस्त आणि शेजारच्या मशीनवरचा गडी. एका शुक्रवारी सकाळी तो भाकरी न्यायला आला आणि मी कोपरापर्यंत पिठात.

“आगा बाबौ! कृष्णात, भाकऱ्या? तालमीत सांगू काय?”

“सांग. आणि आधी दोन गोळे मळून दाखव, मर्दा.”

“थांब, थांब, हलू नकोस,” म्हणत त्यानं मोबाइल काढला.

“ए पावणं,” अक्का म्हणाली, “फोटोनं भाकरी फुगत न्हाय. किती पायजेत?”

सहा घेतल्या. दहा मिनिटांत कंपनीच्या ग्रुपात माझा फोटो. खाली लिहिलेलं: ‘आज माझ्या अपघातग्रस्त मित्राला नवी उमेद दिली.’ उमेद म्हणजे सहा भाकरी नेल्या ती.

अंगठ्यांचा पाऊस पडला. दुपारी तेजस्वी मॅडमचा फोन. “कृष्णात, अभिनंदन! ह्या महिन्याचा आनंदतारा तुम्ही! सोमवारी कार्यक्रम आहे, सर स्वतः येणार आहेत, लाइव्ह जाणार आहे.”

अर्ध्या तासानं परत त्यांचाच फोन. आवाज मात्र दुसरा.

“मोठ्या साहेबांनी फोटो बघितला. ते म्हणतात, हा शंभर भाकरींचं पीठ मळतो, म्हणजे हात ठणठणीत आहे. मग रजा कशाला? तुमची तपासणी तीस तारखेऐवजी सोमवारीच घेऊ. कार्यक्रमाच्या आधी.”

“मॅडम, सोमवारनंतर अजून बारा दिवस होते माझे. पिठात आन् बारा किलोच्या लोखंडात फरक असतोय.”

“पॉझिटिव्ह राहा, कृष्णात.”

मी अक्काला जाऊन सांगितलं. ती तव्यावरची भाकरी उलटत होती.

“फोटो काढला तवाच म्हटलं, दृष्ट लागणार.”

“दृष्ट न्हवं अक्का, एचआर.”

“तेच की.”

शनिवार, रविवार मी जीव खाऊन मळलं. अक्का ओरडली, “आरं, दोन दिसात हत्ती होणार हाईस व्हय? हात सुजंल.” सुजलाच.

सोमवारी दहाला डॉक्टरच्या खोलीत यंत्र दाबलं. सतरा. परत दाबलं. सतरा. त्यानं कागदावर ‘अनफिट’ लिहिलं, सही केली आणि माझ्या हातात दिला. कागद घडी करून खिशात घातला तेव्हा बाहेर कॅन्टीनमध्ये माझं नाव पुकारत होते.

स्टेजवर फुगे. मोटिव्हेशनल सर मोबाइल स्टँडला लावून लाइव्ह. मोठ्या साहेबांनी काचेचा तारा माझ्या हातात दिला. त्यावर सोनेरी अक्षरं: ‘जिद्दीचा हात’. सर म्हणाले, “दोन शब्द बोला, कृष्णातभाऊ. मनापासून.”

मनापासून म्हणाले, म्हणून बोललो.

“ह्या ताऱ्यावर लिवलंय, जिद्दीचा हात.” खिशातला कागद काढला. “आन् ह्या कागदावर लिवलंय, हात अनफिट. दोन्ही एकाच कंपनीचं, एकाच दिवशीचं, मधी धा मिन्टांचं अंतर. दोन्हीतलं एक खोटं हाय. कुठलं, ते साहेबांनी सांगावं. लोक बघालेत.”

सरांचा हात मोबाइलकडं गेला. मी तारा त्यांच्या हातात दिला, म्हणजे हात गुंतला.

“माझी तारीख तीस होती. एका फोटोवरनं ती आजवर ओढली. तुमचा आनंद परत घ्या, माझे बारा दिवस परत द्या. आन् माझ्या मशीनचा क्लॅम्प अजून ढिला हाय. आता तिथं जो पोटाला उभा हाय, त्याचं मनगट मोडायच्या आधी तेवढं बघा.”

मग मागून शिट्टी वाजली. अमरसिंहची, तालमीतली, कान फाडणारी. “तारीख द्या, साहेब!” तो ओरडला. मग त्याच्या शेजारचा ओरडला, मग सगळी लाइन. अमरसिंहनं ह्या मोहिमेत केलेलं हे एकच चांगलं काम, आणि त्याचा फोटो नाही.

मोठे साहेब कॅमेऱ्याकडं बघून हसले. दात सरांएवढेच. “अहो, तीसच तारीख आहे की! सोमवार कोण म्हणालं?”

तेजस्वी मॅडम फुग्यांकडं बघत होत्या.

घरी न जाता थेट अक्काकडं गेलो. साडेबारा वाजले होते. हॉस्टेलच्या भाकरी तिनं एकटीनं केल्या होत्या. कपाळावर पीठ, खांदा दाबत बसलेली.

“किती?” तिनं विचारलं.

“सतरा. पर तारीख मिळाली.”

“मग रडतोस कशाला? कोपऱ्यातलं पोतं चाळून ठेव. उद्याला लागंल.”

मी रडत नव्हतो. चाळताना पीठ डोळ्यात जातं.

पुढचे बारा दिवस मी सकाळी सातला गेलो, आणि अक्काच्या हुकमावरून शंभराच्या वर एक गोळा जास्त मळला नाही. “रोज तेवढंच. पर रोज,” एवढंच तिचं शास्त्र. फी नाही, फ्लेक्स नाही.

तीस तारखेला यंत्र दाबलं. डॉक्टरनं चष्मा वर केला, काटा परत शून्यावर आणला आणि म्हणाला, पुन्हा. पुन्हा दाबलं.

“सव्वीस. छान! चेंडू नियमित दाबलात वाटतं?”

“चेंडू कुत्र्यानं नेला, डॉक्टर. मी भाकरीचं पीठ मळलं. रोज शंभर.”

“हो का,” म्हणत त्यानं लिहिलं. मी उलटं वाचलं: ‘रबरी चेंडूचा व्यायाम. उत्तम परिणाम.’

मशीनवर गेलो. क्लॅम्प नवा होता. तो बसवतानाचा फोटो ग्रुपात आला होता: तेजस्वी मॅडम हातात पाना धरून, उलटा. ‘सुरक्षित कृती, मोठा आनंद.’ असू दे. पाना उलटा असला तरी क्लॅम्प सुलटा बसलाय, मी हलवून बघितलं.

आता पहिल्या पाळीला बस सव्वासहाला. त्याच्या आधी पाच ते सहा मी अक्काकडं असतो. शालूबाई परत आली, ती पहाटेची उठत नाही. मला कुणी विचारलं तर सांगतो, भाकरी फुकट मिळतात म्हणून जातो. मोहिमेचा माणूस असेल तर तेही सांगत नाही.

परवा पहाटे गेलो तर अक्का शेगडीपुढं पाठमोरी बसलेली. दोन्ही हात डोक्यामागं. उजवा जरा खाली, थरथरत, पण वर. केसांना पीळ देऊन तिनं अंबाडा घातला, वाकडा, आणि दातांतली पिन काढून त्यात खोचली. एकटीनं.

मी दारातच थांबलो.

“काय बघालाईस, तम्मा?” ती वळून न बघता म्हणाली. “पाणी गार व्हायलंय.”