पोलिश बाईची घाई

पैज लागली ती पार्किंगमध्ये, पंक्चर झालेल्या एका स्कूटरच्या साक्षीनं. भोंग्या चाक काढत बसला होता आणि ड्रिलमास्तर शेजारी उभे राहून चाक कसं काढू नये ते त्याला सांगत होते.

भोंग्या म्हणजे लाउडस्पीकर भाड्यानं देणारा. धंदा तो आणि गळाही तसाच, त्यामुळे खरं नाव कधीच गळून पडलं होतं. पन्नाशी उलटली तरी लोकांच्या डोअरबेलला साबण लावून पळणारा माणूस. मास्तर शाळेतून रिटायर झाले होते, पण शिट्टी अजून गळ्यात होती.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून कुणा परक्या बाईचा गोड आवाज आला, "जेन दोब्री." पाठोपाठ भोंग्याच्या बायकोचा, "जेन दोब्री."

"वहिनी काय म्हणतायत रे?" मास्तरांनी मान वर केली.

"नमस्कार म्हणतीये. पोलिश शिकतीये. पोलंडची भाषा. आणि बुटाचा विनोद करू नका मास्तर, तो मी करून झालाय. हसली नाही."

बायको गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या कारखान्यात लाइन लीडर होती. तिथं शिलाईची लाइन बंद व्हायची होती. कंपनीचा एक कारखाना पोलंडात होता आणि तिथल्या पोरींना शिवण शिकवायला इथल्या काही जणींना दोन वर्षांसाठी न्यायचं ठरलं होतं. अट एकच. पोलिशमध्ये तोंडी परीक्षा पास व्हायची. शिकवायला कुणी नाही, ज्यानं त्यानं आपलं आपण शिकायचं. तिनं वर्कबुक मागवलं, त्याच्याबरोबर आवाजाची सीडी आली, आणि बाई रोज पहाटे उठून अभ्यासाला बसायला लागल्या.

"पास होणार त्या," मास्तर म्हणाले.

"कोण, ही? अहो, हिनं गिटार आणली होती, तिच्यावर आता टॉवेल वाळतात."

"लाव पैज."

"लावली! नापास झाली तर तुम्ही केमिस्ट वहिनींचा गाऊन घालून इथंच कवायत करायची. शिट्टीसकट."

समोरच्या औषधाच्या दुकानातून केमिस्ट वहिनी ओरडल्या, "माझा गाऊन कशाला भावजी? तुमच्या घरात नाहीत का?"

"आणि पास झाल्या तर?" मास्तरांनी विचारलं.

भोंग्याला स्वतःची शिक्षा ठरवायलाही मजा वाटली. "तर मी गळ्यात कर्णा अडकवून, गेटपासून बसस्टॉपपर्यंत उलटा चालत जाईन. ऑफिसच्या वेळेला. सगळ्यांदेखत."

खिडकीतून बायकोनं डोकं बाहेर काढलं. "माझ्यावर पैज? मला विचारलंत?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच."

"मग आत्तापासून प्रॅक्टिस करा," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

खाली सगळे खो खो हसले. भोंग्याही हसला, पण तो खिडकीकडे बघत होता. पूर्वी खिडकी लावायच्या आधी ती हसायची. त्याच्या टवाळखोरीवर सगळा मोहल्ला हसला तरी त्याचं लक्ष तिच्याकडे असायचं. ती तोंडाला पदर लावून मागं फिरली की मगच त्याला पावती मिळाल्यासारखं वाटायचं. आता तिच्या कानात सदानकदा इअरफोन. तो बोलायचा, ती एक हात वर करून थांबवायची, तोंडानं काहीतरी पुटपुटायची, आणि मग कान मोकळा करून विचारायची, "हं, काय?" तोवर विनोद शिळा झालेला असायचा.

मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. बायको गेली तर घरात उरणार तो आणि त्याचे भोंगे. हे तो कुणाशी बोलला नाही. बोलायला गेला की तोंडातून थट्टाच बाहेर पडायची.

पहिला उद्योग चिठ्ठ्यांचा. बायकोनं घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, शेपट्या फुटलेल्या अक्षरांच्या. फ्रिजवर लोदुफ्का, आरशावर लुस्त्रो, साबणाच्या डबीवर मिद्वो. एके दिवशी ती कामावर गेल्यावर भोंग्यानं सगळ्यांची अदलाबदल केली. आरशाला फ्रिज केलं, खिडकीला साबण. संध्याकाळी ती आली, पर्स ठेवायच्या आत घरभर फिरून एकेक चिठ्ठी काढून जागच्या जागी लावली आणि म्हणाली, "थँक्यू. उजळणी झाली."

म्हणजे पाठ झालं होतं की सगळं! त्या संध्याकाळी भोंग्याला जेवण गेलं नाही.

मग दुसरा उद्योग. हा उद्योग नव्हता, लबाडी होती, आणि करताना त्यालाही ते कळत होतं.

सीडी वाजवायचं यंत्र घरात नव्हतं, त्याच्या गोदामात होतं. त्यामुळे धडे तिच्या मोबाइलवर उतरवून द्यायचं काम त्याच्याकडे. पहिले धडे त्यानं इमानदारीत दिले. पुढचे देताना वेग जरा वाढवला. साध्या माणसानं वेग वाढवला की आवाज उंदरासारखा चिरका होतो आणि चोरी पकडली जाते. भोंग्या मुरलेला होता. आवाजाची पट्टी जिथल्या तिथं ठेवून वेग कसा वाढवायचा हे त्याला ठाऊक होतं. शिवाय त्या पोलिश बाईनं प्रश्न विचारल्यावर शिकणाऱ्याला उत्तर द्यायला जी मोकळी जागा सोडलेली असते, ती त्यानं कात्रीनं कापावी तशी कापली. दर धड्याला आणखी थोडी.

"ही बाई मला बोलूच देत नाही हो," बायको पहिल्यांदा म्हणाली तेव्हा त्याला गुदगुल्या झाल्या.

"सासूबाईंसारखी दिसतीये," तो म्हणाला.

ती हसली नाही. वर्कबुक उघडून तोच धडा पुन्हा लावला. मग पुन्हा. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, बसची वाट बघताना. वर्कबुकच्या पानांवर पेन्सिलीनं लिहायचं, खोडायचं, खोडून खोडून कागद भोकं पडायला आलेला. बाई प्रश्न विचारायची, ही तोंड उघडायची, तोवर बाई पुढच्या प्रश्नावर पोहोचलेली असायची. "प्रोशे वोल्न्येय," ती मोबाइलला हात जोडून म्हणायची. म्हणजे जरा हळू बोला. मोबाइल कुठला हळू बोलतोय!

एक दिवस ती स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली दिसली. गॅसवर दूध उतू जात होतं, तिचं लक्ष नव्हतं.

"अगं, दूध!"

"माझं डोकं गेलंय," ती म्हणाली. "खरंच. आधीचे धडे येत होते की नाही मला? आता काहीच पोहोचत नाही. आईचं असंच झालं होतं ना शेवटी? आधी शब्द विसरायला लागली, मग माणसं."

भोंग्यानं गॅस बंद केला, ओटा पुसला. पुसून झालेला ओटाही पुन्हा पुसला.

त्याच आठवड्यात कारखान्यात मशीनवर पुटपुटत शिवताना तिच्या बोटातून सुई आरपार गेली. केमिस्ट वहिनींनी पट्टी बांधली आणि भोंग्याला बाजूला घेतलं. "भावजी, ही मला स्मरणशक्तीच्या गोळ्या मागत होती. काय चाललंय तुमच्या घरात?"

"काय चालणार? पोलंड."

"थट्टा नका करू. नखाखालून गेलीये सुई. लाइन लीडर आहे ती, शिकाऊ पोरगी नाही."

त्यानं ठरवलं, पुरे. सगळे धडे पुन्हा नीट उतरवायचे. संध्याकाळी तो हात पुढे करून म्हणाला, "मोबाइल दे जरा. आवाज साफ करून देतो."

तिनं मोबाइल छातीशी धरला. "हात लावू नका. आता कुठं जमायला लागलंय. बाईचा प्रश्न संपायच्या आतच मी उत्तराला सुरुवात करते. आता बिघडवाल काहीतरी."

आता काय बोलणार? खरं सांगावं तर चोरी उघडी पडते, न सांगावं तर ही अशीच धापा टाकत राहणार. भोंग्यानं हात मागं घेतला. त्या दिवसांत मोहल्ल्यातल्या सगळ्या डोअरबेल कोरड्या होत्या.

परीक्षा झाली. कारखान्याच्या मीटिंग रूममध्ये, पडद्यावर पोलंडातली सुपरवायझर बाई. बायको घरी आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

"काय झालं?"

"मला राग आला त्या बाईचा. इतकं हळू बोलत होती, इतकं हळू, जसं लहान मुलाशी बोलावं. म्हटलं माझे पिकलेले केस बघून मुद्दाम करतीये. मग मी भराभरा बोलले. ती म्हणाली, तुम्ही तिकडं राहिला आहात का?" ती स्वतःच्या पट्टीवाल्या बोटाकडे बघत राहिली. "पहिली आले मी."

"वा!" भोंग्या असा ओरडला की खाली मास्तरांना निकाल कळला आणि शिट्टी वाजली.

दोन दिवसांनी, भर दुपारी, ती त्याच्या गोदामात आली. कारखान्याचा निळा डगला अंगात. तिथं ती कित्येक वर्षांत आली नव्हती. काही न बोलता तिनं दोन मोबाइल बाहेर काढले, एक तिचा, एक शेजारच्या मशीनवरच्या बाईचा. टेबलावरची वायर उचलून आधी त्या बाईचा मोबाइल त्याच्याच मोठ्या स्पीकरला जोडला.

पोलिश बाईनं प्रश्न विचारला. आणि थांबली. गोदामात नुसती स्पीकरची खरखर. कितीतरी वेळानं तिनं पुढचा प्रश्न विचारला.

मग बायकोनं तोच धडा स्वतःच्या मोबाइलवरून लावला. सुरू होताच भोंग्यानं बटण बंद केलं.

"पुस्तक तेच. सीडी तीच," ती म्हणाली. "कँटीनमध्ये ऐकली मी. दोनदा उत्तर देऊन झालं तरी तिची बाई थांबलेलीच. तेव्हा कळलं."

"अगं, ते मशीन जुनं झालंय..."

"नका ना."

तो वायर गुंडाळायला लागला.

"मला वाटलं मी आईसारखी चाललेय. मशीनवर बसून रडायचे मी. डॉक्टरला विचारून आले, डोक्याचा फोटो काढायचा का म्हणून. आणि तुम्ही बघत होतात."

"तू जाऊ नयेस असं वाटत होतं मला."

"मग तसं म्हणायचंत!"

"म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

तिनं विचार केला. खरंच केला, त्याला दिसला. "हो," ती म्हणाली. "राहिले असते."

भोंग्या एका रिकाम्या खोक्यावर टेकला.

"अजून सही केलेली नाही मी," ती म्हणाली. "उद्या करायची आहे. म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. पण सरळ म्हणा. हसवू नका."

बाहेर कुणीतरी ट्रक मागं घेत होतं, हेल्पर गाडीच्या पत्र्यावर थापा मारत होता. भोंग्याच्या जिभेवर एकच शब्द होता, राहा. उच्चारला की काम फत्ते. ही घरी राहणार, चिठ्ठ्या काढून टाकणार, आणि इअरफोन गिटारशेजारी जाणार. तिच्या बोटाचं नख काळं पडलं होतं. ते आता गळून नवीन यायला वेळ लागणार होता.

"मास्तरांना गाऊनमध्ये बघायचंय का तुला?" तो म्हणाला. "सही नाही केलीस तर मी ते नापासच धरीन, म्हाताऱ्याला कवायत करायला लावीन. सही कर."

"हसवू नका म्हटलं होतं."

"हसलीस कुठं?"

ती दोन्ही मोबाइल उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं सही केली. निघेपर्यंतचे सगळे दिवस ती त्याच्याशी बोलली ती गॅसच्या सिलिंडरबद्दल, विम्याच्या हप्त्याबद्दल आणि कुठली किल्ली कुठं आहे याबद्दल. तोही मुकाट्यानं हो म्हणत गेला.

निघायच्या सकाळी ती बॅग ओढत खाली आली. विमानतळावर नेणारी कंपनीची बस मोठ्या रस्त्यावरच्या स्टॉपवर यायची होती. गेटपाशी भोंग्या उभा होता. इस्त्रीचा शर्ट, आणि गळ्यात दोरीनं बांधलेला कर्णा.

मास्तर कासावीस झाले. "अरे, आज कसली पैज? सोडली मी. चल, बॅग धर वहिनींची."

"मास्तर, हरलोय मी. उधारी ठेवत नाही."

"भावजी, लोक कामाला निघालेत," केमिस्ट वहिनी दुकानातून म्हणाल्या.

"म्हणून तर!"

त्यानं बायकोकडे तोंड केलं, रस्त्याकडे पाठ, आणि पहिलं पाऊल मागं टाकलं. कर्णा छातीवर आपटला. सायकलवरचा पेपरवाला खाली उतरून बघायला लागला. शाळेच्या रिक्षातली पोरं किंचाळली. कुणीतरी शिट्टी मारली, ती मास्तरांची नव्हती. ऑफिसला निघालेले दोघे तिघे वाट देत बाजूला झाले.

"काका, काय झालं?" एकानं विचारलं.

"ही पास झाली!" भोंग्या ओरडला, आणि त्याला कर्ण्याची गरज नव्हती. "पोलिशमध्ये पहिली आली! मी हरलो!"

बायको चालत होती, बॅगची चाकं खडखडत होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती त्याच्या नजरेला नजर देत नव्हती, त्याच्या खांद्यावरून पलीकडे रस्त्याकडे बघत होती.

"डावीकडे व्हा," ती अचानक म्हणाली. "गटाराचं झाकण उघडंय."

तो डावीकडे झाला.

"थोडं अजून. आता सरळ."

तो सरळ चालला. पुढं एक हातगाडी आली, तिनं ती सांगितली. मग खडीचा ढीग आला, तोही सांगितला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढा वेळ सलग तिच्या तोंडाकडे त्यानं कधी बघितलं नव्हतं. कपाळावर घाम आला होता. डोळ्यांखाली पहाटेच्या अभ्यासाचे काळे डाग होते.

मोठ्या रस्त्याचा आवाज जवळ येत होता. बसस्टॉप त्याच्या पाठीमागं होता, तो त्याला दिसत नव्हता. तिला दिसत होता.

"किती राहिलं गं?" त्यानं विचारलं.

तिनं बॅगचा दांडा दुसऱ्या हातात घेतला.

"चाला," ती म्हणाली. "सांगते मी."