तुळसाताईचा अहवाल

मनोरुग्णांच्या दिवसकेंद्रातल्या सात जणांना घेऊन तिथली मदतनीस तुळसाताई वालावलच्या देवळात कीर्तनाला गेली होती. बुवांनी आख्यान असं काही रंगवलं, की ती देहभान विसरली. भानावर येऊन बघते तर सातांतला विनीत जागेवर नाही! पाऊण तासाने तो देवळाच्या तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा सापडला. सुखरूप होता.

दुसऱ्या दिवशी तिने घटनेचा अहवाल लिहायला कागद पुढे ओढला, तशी केंद्र चालवणाऱ्या दाजींनी तिच्या हातातलं पेनच धरलं.

"देवान राखल्यान गो! आता लिवन कित्याक सांगतंस? जिल्ह्याचे सायब कीर्तनाक जावचा बंद करतले आणि तुका घराक धाडतले."

"देवान राखल्यान, म्हणान तेच्यासमोर खोटा वागू? उद्या दुसरो कोणी पाण्यात उतारलो तर?"

दाजींनी पेन सोडलं. तुळसाने लिहिलं, 'सात जणांमागे मी एकटीच होते आणि कीर्तनात गुंगले. चूक माझी. पण कीर्तन बंद करू नये, तिथे ही माणसं मोकळेपणी गातात. सोबतीला आणखी एक माणूस द्यावं.'

अहवाल वाचून दुपारी जिल्ह्याहून केंद्रावर देखरेख ठेवणाऱ्या डॉक्टर मॅडमचा फोन आला.

"माणूस देते, कीर्तन चालू ठेवा. पण ताई, खरंच एवढ्या गुंगलात?"

"होय मॅडम. बुवा गायलेच तसे."

"मग पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी माझं तोंड दाराकडे," तुळसा ठामपणे म्हणाली, "बुवांकडे नुसते कान."