सतरा नंबरचे गुलाब

लुएला हॅसब्रुक लग्न होऊन विदरली हॉलमध्ये आली, तेव्हा त्या घराला एकशे दहा खिडक्या होत्या आणि त्यातल्या जेमतेम चाळीस उघडत होत्या. छपराची तर दुर्दशाच होती. लुएलाचे वडील सायलस यांनी अमेरिकेत आयोवाच्या माळरानावर विहिरीचं पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या विकून अमाप पैसा केला होता. त्या पैशातून विदरलीचं छप्पर नवं झालं. इंग्लंडातल्या श्रॉपशरमधली थोरामोठ्यांची घरं चहा पिता पिता उघड म्हणत, मुलाने पदवी दिली आणि मुलीने कौलं दिली. त्यात खोटं काही नव्हतं. पण तिचा नवरा ऑब्री, विदरलीचा अर्ल म्हणजे तिथला उमराव, लुएलाला मनापासून आवडला होता, हेही खोटं नव्हतं. स्वतःच्या विनोदाला तो विनोद संपायच्या आधीच हसायचा, आणि तेवढ्यावरच ती तिकडे अमेरिकेत, न्यूपोर्टच्या मेजवानीत त्याच्यावर भाळली होती.

अवघड होत्या त्या सासूबाई. लेडी होनोरिया उंच, सडपातळ, आणि त्यांची पाठ खुर्चीला टेकलेली कुणी पाहिली नव्हती. सुनेला त्यांनी कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. लुएलाने पोस्टमनशी हात मिळवला, आचाऱ्याचं स्वयंपाकघरात जाऊन कौतुक केलं, जेवताना समोरच्या पाहुण्याशी मेजावरून मोठ्याने गप्पा मारल्या, की त्या एवढंच म्हणत, "तुमच्याकडे असं करत असतील." त्यापेक्षा दोन रट्टे दिले असते तर बरं, असं लुएलाला वाटायचं.

जुलै उजाडला. दर वर्षी जुलैत हॉलच्या हिरवळीवर तंबू ठोकून गावाचं फुलांचं आणि भाज्यांचं प्रदर्शन भरायचं. होनोरिया नाश्त्याच्या वेळी म्हणाल्या, "आता घरची मालकीण तू आहेस. यंदाचं प्रदर्शन तू बघ."

लुएलाला आनंद लपवता येईना. प्रदर्शन म्हणजे तिच्या घरचाच विषय. तिचे वडील आयोवाच्या जत्रेत पंधरा वर्षं डुकरांचे परीक्षक होते. त्यांच्या हाताला धरून ती बांधलेल्या डुकरांच्या रांगांतून फिरली होती, आणि चोख निवाडा कसा होतो ते तिला तेव्हापासून ठाऊक होतं. तिने गावच्या पाद्रीबाबांना, मिस्टर हेरिंग्टनना, बोलावून घेतलं.

"गेल्या वर्षी प्रत्येक फुलदाणीवर नाव लिहिलं होतं म्हणे," ती म्हणाली. "यंदा नुसते नंबर घालू."

पाद्रीबाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "बाईसाहेब, इथे नावं घालायची पद्धत आहे."

"कशासाठी?"

"म्हणजे... कळावं म्हणून."

"कुणाला कळावं? परीक्षकाला?"

पाद्रीबाबांनी कप पुन्हा उचलला. मागची एकोणीस वर्षं परीक्षक तेच होते.

"आणि परीक्षकही बाहेरचा आणू," लुएला म्हणाली. "तुम्हाला सगळे ओळखतात, तुमच्यावर उगाच ओझं. श्रूसबरीला एक रोपवाटिकेवाले आहेत, त्यांना पत्र टाकते. प्रत्येक नंबरापाशी ते दोन ओळी लिहितील, काय चांगलं, काय चुकलं. आमच्याकडे डुकरांनासुद्धा लिहितात."

पाद्रीबाबा पावसापाण्याच्या गोष्टी करून निघून गेले. ऑब्री घरी असता तर त्याने सांगितलं असतं. पण तो स्कॉटलंडला मासे धरायला गेला होता आणि प्रदर्शनाच्या सकाळीच परतायचा होता. नोकरांनी सांगितलं नाही, कारण विचारल्याशिवाय सांगायचं नसतं. त्यामुळे गुलाबांचा चांदीचा पेला लेडी होनोरियांना सलग एकोणीस वर्षं मिळतोय, ही गोष्ट सगळ्या परगण्यात एकट्या लुएलाला माहीत नव्हती.

आणि ते गुलाब काही माळ्याने वाढवलेले नसत. होनोरिया स्वतः वाढवत. त्या घरात त्यांनी स्वतःच्या हाताने करायची तेवढी एकच गोष्ट होती.

प्रदर्शनाच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. श्रूसबरीचे गृहस्थ चष्मा पुसत गुलाबांच्या तंबूत शिरले, तासभर वाकून वाकून बघत राहिले आणि चिठ्ठ्या लिहून बाहेर आले. मग लोकांना आत सोडलं. पुढचे लोक अचानक थांबले, मागचे त्यांच्यावर आदळले.

पेला सतरा नंबरला मिळाला होता. दुसरा नऊ, तिसरा बावीस. चार नंबरच्या फुलांपुढे बक्षीस नव्हतं, चिठ्ठी होती. 'पानांवर भुरी, पांढरी बुरशी. फुलं आदल्या दिवशी कापलेली, जास्त उमललेली. एका फांदीवर फार कळ्या राखल्याने फूल लहान.' होनोरिया आपल्या फुलांपाशी, त्या चिठ्ठीपुढे उभ्या होत्या. त्यांनी ती एकदा वाचली, मग पुन्हा वाचली.

सतरा नंबर निघाला एनॉक ग्रिबल, विदरली स्टेशनवरचा हमाल. पन्नाशी उलटलेला, पाय थोडे फेंगडे. त्याने सगळ्यांच्या ट्रंका उचलल्या होत्या, पण त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. हातात टोपी घेऊन तो पुढे आला तो चोरी करताना धरल्यासारखा.

"बाईसाहेब, काहीतरी चुकलं असेल," तो लुएलाला हळूच म्हणाला.

"काही चुकलं नाही," लुएलाने पेला त्याच्या हातात दिला आणि टाळ्या वाजवल्या. तिच्या एकटीच्याच वाजल्या. सगळे होनोरियांकडे बघत होते.

"फुलं चांगली आहेत," होनोरिया म्हणाल्या, आणि हिरवळ ओलांडून ताठ चालीने घरात निघून गेल्या.

ऑब्री नुकताच गाडीतून उतरला होता. त्याने बायकोला तंबूच्या मागे नेलं. "अगं, काय केलंस हे? तो पेला आईचा असतो."

"असतो म्हणजे?"

"एकोणीस वर्षं. आधी बाबा द्यायचे, मग मी."

लुएलाचा चेहरा उतरला. तिने विचारलं, "आणि गुलाब? चांगले असायचे का ते?"

ऑब्रीने प्रामाणिकपणे विचार केला. "मला काय कळतंय गुलाबातलं? आईचे होते, तेवढं पुरायचं."

पुढचे दोन दिवस होनोरिया जेवायला खाली आल्या नाहीत. बटलर स्टॅनिफोर्थ प्रत्येक जेवणाला खाकरून सांगे, "मोठ्या बाईसाहेबांची प्रकृती उत्तम आहे. भूक मात्र त्यांना वरच लागते आहे." ऑब्री दोनदा जिना चढला आणि दोनदा बंद दाराशी बोलून खाली आला. लुएलाने वडिलांना पत्र लिहायला घेतलं, 'बाबा, मी सासूबाईंना डुकरांच्या नियमाने तोललं,' एवढं लिहून फाडून टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मनाशी वाक्यं जुळवली आणि सासूबाईंच्या दारावर टकटक केली. खोली रिकामी होती. दासी पलंग आवरत होती.

"मोठ्या बाईसाहेब आठ वाजताच गेल्या. तट्टाची गाडी स्वतःच हाकत."

"कुठे?"

"स्टेशनकडे, बाईसाहेब."

लुएलाने घड्याळ पाहिलं. होनोरियांची बहीण बाथला राहत होती, आणि बाथची गाडी साडेनऊला होती. सासूबाई रागाने घर सोडून निघाल्या, आणि ते सुनेच्या पायी, हे परगण्याला दहा वर्षं पुरलं असतं. घोडागाडी जुंपायला वेळ लागला असता. ती धावत तबेल्याच्या मागे गेली, आयोवाहून आणलेली सायकल काढली, झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि दोन मैल चढउतारावरून पॅडल मारत सुटली. वाटेत पाद्रीबाबा भेटले. त्यांनी टोपी काढली खरी, पण तोवर ती वळणापलीकडे गेली होती.

फलाटावर सामान नव्हतं, प्रवासी नव्हते. फलाटाच्या टोकाला, सिग्नलच्या खांबाजवळ, एनॉकची बाग होती. तिथे सामानाच्या ढकलगाडीवर होनोरिया बसल्या होत्या. हातमोजे काढून मांडीवर ठेवलेले, मनगटावर काट्याचा ताजा ओरखडा. एनॉक गुडघ्यावर बसून एका झुडपाची फांदी वाकवून दाखवत होता.

"ही मधली ठेवायची," तो म्हणत होता. "बाजूच्या दोन्ही खुडायच्या."

"जिवंत कळ्या?"

"जिवंतच, बाईसाहेब. मेलेल्या काय खुडायच्या?"

"मला नाही होत ते," होनोरिया म्हणाल्या. "मी सगळ्या ठेवते."

"म्हणून तुमचं फूल अक्रोडाएवढं राहतं."

लुएला सायकल धरून जागीच थांबली. विदरलीत आजवर कुणी लेडी होनोरियांशी असं बोललं नव्हतं. होनोरिया पुढे वाकल्या.

"आणि छाटणी? तू कधी करतोस?"

"मार्चात. बोटभर ठेवतो, बाकी सगळं उडवतो. तुमच्याकडे मे उजाडतो, ट्रंका पोचवायला येतो तेव्हा दिसतं ना. आणि फुलं त्या दिवशी पहाटे कापायची, दव असताना."

"पहाटे म्हणजे किती वाजता?"

"चारला."

होनोरियांनी जरा विचार केला. "आणि भुरी? मिस्टर ग्रिबल, तुम्ही भुरीला काय करता?"

एनॉक फांदी सोडून उभाच राहिला. तो क्षणभर आजूबाजूला बघत राहिला, कोण मिस्टर ग्रिबल आलाय ते शोधत. मग म्हणाला, "गंधक, बाईसाहेब. पण आधी झाडं लांब लांब लावा. तुमची नुसती दाटीवाटीने उभी असतात, चर्चमध्ये नाताळला माणसं असतात तशी."

तेव्हा होनोरियांची नजर लुएलाकडे गेली. केस सुटलेले, झगा खोचलेला, हातात सायकल. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "तुला वाटलं मी बाथला निघाले?"

"हो."

"बहिणीचं तोंड बघण्यापेक्षा मी चार वाजता उठेन. बस इथे."

लुएला ढकलगाडीवर त्यांच्या शेजारी बसली. एनॉक शहाणा माणूस. त्याला एकदम सिग्नलचं काम आठवलं. लुएलाला जुळवलेल्या वाक्यांतलं आता एकही आठवेना. "सासूबाई, मला खरंच माहीत नव्हतं," एवढंच ती म्हणाली. "माहीत असतं तर—"

"तर तूही मला पेला दिला असतास." होनोरिया हातमोजे सरळ करत होत्या. "पहिल्या वर्षी मला खूप आनंद झाला. पाचव्या वर्षी गारांनी सगळी फुलं झोडपली, तरी पेला मिळाला. त्या दिवशी कळलं. मग दर वर्षी मी टाळ्या घेत घरी यायचे आणि विचार करायचे, यातलं माझं किती?"

"कुणाला विचारलं नाहीत?"

"कुणाला विचारू? पाद्री माझ्या पगारावर. डॉक्टर माझ्या घरात भाड्याने. नवरा बिचारा म्हणायचा, तुझं सगळंच छान असतं, प्रिये. विसाव्या वर्षी या घरात आले, त्यानंतर मला कुणी चुकतेस म्हणालंच नाही. परवा त्या चिठ्ठीत पहिल्यांदा कुणीतरी नीट बघितलेलं दिसलं." त्यांनी मोजे पुन्हा मांडीवर ठेवले. "दोन दिवस मी रडले, ते खरं. पण चिठ्ठी फाडली नाही."

लुएला जवळ सरकली. तिने सासूबाईंच्या मनगटावरचा ओरखडा आपल्या रुमालाने पुसला, आणि होनोरियांनी हात मागे घेतला नाही.

"आता तू मला एक खरं सांग," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे बोलतात तसं. आपल्या घरचं सूप."

"गार असतं," लुएला पटकन म्हणाली. "मी आले त्या दिवसापासून. स्वयंपाकघर पार पलीकडच्या टोकाला आहे, येईपर्यंत त्याच्यावर साय धरते."

"छत्तीस वर्षं मी तेच पितेय," होनोरिया म्हणाल्या. "मला वाटायचं, ऑब्रीच्या वडिलांना तसंच आवडतं. आणि ते वारले त्याच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाले, होनोरिया, तुला गार सूप आवडतं म्हणून मी कधी बोललो नाही."

लुएलाने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तिला जमलं नाही. मग होनोरियाही हसू लागल्या, आधी नाकातून, मग चांगल्या खांदे हलवत. साडेनऊच्या गाडीतले प्रवासी खिडकीतून डोकावून बघत होते, की फलाटावर सामानाच्या गाडीवर बसून या दोघी कशाला हसतायत. घरी जाताना सायकल तट्टाच्या गाडीला मागे बांधली होती.

त्या हिवाळ्यात जेवणघराला लागून असलेल्या पूर्वेच्या दोन बंद खोल्या उघडून तिथे नवं स्वयंपाकघर झालं. मार्चमध्ये होनोरियांनी कात्री घेऊन झाडं बोटभर उंचीवर आणली. माळी डोळ्यांना रुमाल लावून उभा होता. जूनमध्ये कळ्या खुडायची वेळ आली तेव्हा त्यांनी लुएलाला शेजारी उभं केलं. "मी डोळे मिटते," त्या म्हणाल्या, "तू फक्त कुठली ते सांग."

पुढच्या जुलैत श्रूसबरीचे तेच गृहस्थ आले. सतरा नंबर या वेळी शाळेच्या बाईंचा होता आणि त्यांना काही मिळालं नाही. पेला पुन्हा एनॉकने नेला, सहा नंबरने. दुसरं बक्षीस अकरा नंबरला, म्हणजे लेडी होनोरियांना. या खेपेला टाळ्या सगळ्यांच्या वाजल्या, आणि पाद्रीबाबांच्या सर्वांत जोरात, कारण त्यांची एका मोठ्या ओझ्यातून सुटका झाली होती.

होनोरिया चिठ्ठी घेऊन थेट परीक्षकांकडे गेल्या आणि मधल्या फुलाच्या रंगावरून त्यांच्याशी पंधरा मिनिटं भांडल्या. ते गृहस्थ हटले नाहीत. मग त्या एनॉककडे वळल्या.

"मिस्टर ग्रिबल, मला तुमच्या झाडांची कलमं हवीत."

"देतो की, बाईसाहेब. गुलाबी घ्या, पिवळं घ्या, पांढरं घ्या."

"आणि ते गडद लाल?"

एनॉकने टोपी डोक्यावर नीट बसवली. "ते नाही."

"का नाही?"

"पुढच्या वर्षीही मलाच जिंकायचंय," तो म्हणाला.

ऑब्री शेजारीच उभा होता. एवढ्या लोकांत आपली आई डोळे पुसत हसते आहे, हे त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. त्याने लुएलाकडे बघितलं. ती आधीच शाळेच्या बाईंच्या टेबलाशी जाऊन उभी होती आणि त्यांना भुरीवर गंधक कसं मारायचं ते समजावून सांगत होती.