मुंबई इलाख्याचं लायसन

माझं लायसन मुंबई इलाख्याचं होतं. पुण्याच्या एका मोटार कारखान्यात तीन वर्षं हात काळे केल्यावर मिळालेलं, गोऱ्या साहेबाच्या सहीचं. ते खिशात घालून मी मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, आलो तेव्हा अंगात मस्ती होती, हे आधीच सांगून टाकतो.

चकलांब्याच्या सुंदरराव देशमुखांनी मोटार घेतली होती आणि ती चालवणारा माणूस त्यांना मिळत नव्हता. मी नगरचा, इंग्रजी मुलखातला. इथल्या लोकांच्या लेखी परदेशीच. बोलणं वेगळं, कागद वेगळे, कचेरीत सगळा कारभार उर्दूत. पहिल्याच महिन्यात बीडला एका अंमलदारानं माझं लायसन उलटंसुलटं करून पाहिलं आणि बजावलं, की बाहेरचा कागद इथे सहा महिने चालेल, पुढे निजाम सरकारचा इजाजतनामा घ्यावा लागेल. तो घ्यायचा तर मुंबईचं लायसन जमा करायचं.

मी घेतला नाही. उद्या देशमुखांशी बिनसलं तर नगरला परत जाऊन काय दाखवणार, ही एक भीती होती. पण खरं कारण वेगळंच. ज्या मुलखात मोटारी बोटांवर मोजाव्यात, तिथल्या लोकांनी माझी परीक्षा घ्यावी हे माझ्या पचनी पडेना. सहा महिन्यांचे अकरा झाले. सुंदरराव म्हणायचे, "आसाराम, उरका ना ते एकदाचं." मी हो हो म्हणायचो.

देशमुखांकडे गोशा कडक होता. घरच्या बायका परक्या पुरुषासमोर येत नसत, त्यांचा आवाजही बाहेर जाता कामा नये. मोटारीला म्हणून जाड पडदे शिवून घेतले होते, एक माझ्या पाठीमागेही. सुंदररावांच्या बायकोला, सत्यभामा वहिनीसाहेबांना, मी तीनदा धारूरला माहेरी नेलं असेल. तोंड सोडा, आवाजसुद्धा ऐकला नव्हता. थांबायचं असलं की त्यांच्या सासूबाई, छबुबाई, आतून टाळी वाजवायच्या. मला याचाही तोरा होता. चाकरी करावी तर अशा घरी, असं मी नगरला सांगत असे.

त्या चैत्रात सुंदरराव कोर्टाच्या कामासाठी हैदराबादेला गेले होते. इकडे वहिनीसाहेबांना कळा सुरू झाल्या आणि दोन दिवस झाले तरी सुटका होईना. सुईण दगडाबाई ओसरीवर आली आणि मला म्हणाली, "मोटार काढा. प्वार आडवं हाय. माझ्या हातात आता काय न्हाई. नगरच्या दवाखान्यात डागदर मडम हाय म्हणत्यात, तितं न्या. लई येळ लावू नका."

दाराआडून छबुबाई बोलल्या, माझ्याशी पहिल्यांदाच. "आसाराम, वाटंनं कुनाला कळू द्यायचं न्हाई. देशमुखाची सून आडली म्हून गावोगाव बोभाटा नको." दगडाबाई बरोबर यायला निघाली होती. ती मोठमोठ्यानं बोलते म्हणून तिला घरीच ठेवलं आणि छबुबाई एकट्याच सुनेजवळ पडद्याआड बसल्या.

सरहद्दीवरचा नाका दुपारी लागला. रस्त्यावर बांबू आडवा होता. नाक्यावरचे अंमलदार नवे होते, पांढऱ्या दाढीचे, बोलायला मऊ. त्यांनी लायसन मागितलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी साधा प्रश्न विचारला, इकडे येऊन किती दिवस झाले? मी छाती काढून सांगितलं, अकरा महिने. त्यांनी मान हलवली. मोटार जाऊ शकते म्हणाले, पण तुम्ही ती चालवू शकत नाही.

सरहद्दीचा दगड तिथून शंभर पावलांवर होता. मी बोट दाखवून म्हणालो, "साहेब, त्या दगडापलीकडं हाच कागद चालतो."

"उधर बराबर," ते म्हणाले. "इधर नै." मग मोटारीकडे बघून त्यांनी विचारलं, "अंदर कौन?"

"जनानी सवारी."

त्यांनी तिथल्या तिथे नजर खाली घातली. शिपायांना पाठ फिरवायला लावलं. मोटार सावलीत ढकलून घेतली, पडद्याजवळ पाण्याचा घडा ठेवायला सांगितलं आणि पुरुषांचा वाद बायकांच्या कानावर जायला नको म्हणून मला लांब लिंबाखाली नेलं. इतकी अदब मी इंग्रजी मुलखात पाहिली नव्हती. त्या अदबीत तासभर गेला.

तासभर एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. आत बाई अडली आहे. एवढंच. छबुबाईंनी मना केलं होतं म्हणून बोललो नाही, असं मी पुढे लोकांना सांगत आलो आणि लोकांनाही ते पटत आलं. पण ते अर्धंच खरं आहे. बोललो असतो तर त्या भल्या माणसानं दया येऊन सोडलं असतं, आणि माझं लायसन खोटं ते खोटंच राहिलं असतं. मला दयेवर सुटायचं नव्हतं. मला कागदावर सुटायचं होतं. मी पुण्याच्या साहेबाचं नाव सांगितलं, कलमं सांगितली, आवाज चढवला.

शेवटी तेच थकले. या एका खेपेला जाऊन येण्यापुरती म्हणून त्यांनी उर्दूत एक चिठ्ठी लिहिली आणि ती माझ्या हातात देत सहज विचारलं, "इतनी जल्दी कायकी?"

"दवाखाना," मी म्हणालो. "बाळंतपण अडलंय."

"मियाँ, पैले कायकू नै बोले?" एवढं बोलून ते म्हातारे गृहस्थ अनवाणी पळत गेले आणि बांबू त्यांनी स्वतः उचलला.

मी मोटार कशी पळवली मला आठवत नाही. दिवेलागणीला नगर गाठलं. वहिनीसाहेब वाचल्या. मुलगी गेली. पाच दिवसांनी सुंदरराव दवाखान्यात आले, आईकडून नाक्यावरचा खोळंबा ऐकला आणि तिथूनच त्या अंमलदारांना तोंडाला येईल ते बोलले. त्यांच्याविरुद्ध अर्ज करतो म्हणाले. मी शेजारी उभा होतो. त्या माणसाचा काही दोष नाही, एवढं म्हणायचीही माझी छाती झाली नाही. याची लाज मला आजही वाटते.

तीन आठवड्यांनी सासू-सुनांना घेऊन मी परत निघालो. शेवगाव मागे पडलं आणि पाठीमागून टाळी नाही, आवाज आला. बारीक, अनोळखी आवाज.

"आसारामभाऊ, जरा थांबवा."

मी थांबवली. "अगं सत्यभामा," छबुबाई दटावत म्हणाल्या, पण वहिनीसाहेबांनी ऐकलं नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"त्या दिशी नाक्यावर तुमी लांब व्हता, पर तुमचा आवाज येत व्हता. माझ्या तोंडात पदर कोंबलेला व्हता. मला वाटायचं, आता सांगतील, आता सांगतील."

मी मोटारीचं इंजिन बंद केलं.

"तवा ती पोटात हालत व्हती," त्या म्हणाल्या. "तुमी येऊन मोटार सुरू केली ना, त्याच्या जरा आदी थांबली."