दोन पट्ट्या एकत्र बसवल्या की

कंप्यूटर तिसऱ्यांदा मेला तेव्हा मी इतिहासाच्या प्रकल्पाच्या नवव्या पानावर होते. निळा पडदा आणि खेळ खलास! खरं सांगू? मला आनंदच झाला. कारण तो मेला की ताईचा फोन यायचा.

ताईने हा कंप्यूटर सुटे भाग आणून स्वतः जोडला होता. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना तो मला दिला. "जीव लावून वापर, उंदरे," म्हणाली. मग दोन महिने आमचं बोलणं "जेवलीस?" आणि "हो" एवढ्यावर आलं. आई दवाखान्यातून आठला येते. तोवर घरात मी आणि फ्रिजची घरघर.

मशीन बिघडलं आणि रोज पाचला फोन सुरू झाला.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ताईने बजावलं. "आणि वहीत लिहायचं. नाहीतर कशाने बरा झाला ते जन्मात कळणार नाही."

मी लिहिलं. सोमवार: पंखा पुसला, तरी मेला. मंगळवार: रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी उजवी काढली, मेमरीची चाचणी लावली, शून्य चुका. बुधवार: ती लावली, डावी काढली. शून्य. गुरुवार: दोन्ही लावल्या. पडदा लालेलाल, एकशे बारा चुका.

"एकेकट्या शहाण्या, एकत्र आल्या की धुमाकूळ. आपल्यासारख्या!" ताई खो खो हसली. "उद्या दोघींच्या जागा बदल."

शुक्रवारी शाळेतून आल्या आल्या मी आधी सेटिंगच्या पडद्यात शिरले. एकटी, कुणाला न विचारता! तिथे रॅमचा वेग पट्टीवर छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त होता. मी तर त्याला हातही लावला नव्हता. म्हणजे ताईनेच वाढवलेला. जागा नाही बदलल्या, फक्त वेग खाली आणला. चाचणी लावली. पावणेपाचला निकाल: शून्य.

स्क्रूड्रायव्हर नाचवत मी खोलीभर उड्या मारल्या. बघायला फ्रिज होता.

मग मटकन बसले. बरा झाला म्हणजे पाचचा फोन संपला. वेग परत वाढवायला किती वेळ लागतो? दोन बटणं. कुणाला कळणार होतं? वहीत शुक्रवारपुढची जागा कोरी होती.

फोन वाजला. "काय गं, बदलल्यास जागा?"

"नाही." "बिघाड सापडला. तू वेग वाढवून ठेवला होतास."

"अगं हो की! जाताना. तुला भारी पळावा म्हणून. आणि चार दिवस तुलाच पळवलं मी, गाढव कुठली!"

"आता शून्य चुका आहेत."

"वा गं कारागीर! सुटलो आपण. चल, ठेवते—"

"थांब. सोमवारीपण पाचला कर."

"परत बिघडेल म्हणतेस?"

"नाही बिघडणार. तरी कर."

तिला मागून कुणीतरी हाक मारली. "आले, आले! बघते गं, उंदरे. जमलं तर." फोन बंद.

वहीत लिहिलं, शुक्रवार: वेग मूळ आकड्यावर, शून्य चुका. त्याखाली सोमवार लिहून पुढे जागा सोडली. मग नववं पान उघडलं आणि सवयीने दर दोन ओळींनी सेव्ह करत बसले. आई येईपर्यंत तो एकदाही मेला नाही.