मी असेपर्यंत

कार्डाचा उजवा कोपरा जरासा तिरका कापला गेला होता — फ्रेमच्या माउंटमधून उरलेल्या पुठ्ठ्यातून बाबा ही कार्डं कापायचे, आणि शेवटच्या दोन महिन्यांत त्यांची सुरी पट्टी सोडून अशी बाहेर जायची... तिनं त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. वर क्रमांकाची छापील चिठ्ठी, खाली त्यांच्या अक्षरात ‘एक फ्रेम’, आणि मुदतीच्या रेघेवर, जिथे तारीख हवी तिथे, ‘मी असेपर्यंत’.

दोनशे बारा भेटकार्डं. सगळ्यांवर हेच.

आजाराच्या बातमीनंतर गल्लीतली माणसं मदत घेऊन आली होती आणि बाबांनी सगळ्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. फुकटचं पचत नाही मला, म्हणाले. मग लोकांनीच वाट काढली, आगाऊ पैसे देऊन भेटकार्डं घ्यायची, फ्रेम नंतर. ज्यांच्या घरात टांगायला एक चित्र नव्हतं त्यांनीही घेतली. बाबा उशीला टेकून कार्डं लिहीत राहिले आणि पैसे तसेच्या तसे दवाखान्यात जात राहिले. कुणाचं काही चुकलं होतं का यात? तिला अजून सांगता येत नव्हतं.

कंपनीला मात्र सांगता येत होतं. दुकानातलं कार्ड घासायचं मशीन जिचं, त्या कंपनीनं एकोणीस दिवसांपूर्वी दुकानाचे सगळे पैसे अडवून ठेवले. एवढ्याशा दुकानानं दोन महिन्यांत इतकी भेटकार्डं कशी विकली? पडद्यावरच्या मेलमध्ये तीन प्रश्न होते, आणि आज पाचपर्यंतची वेळ. कार्डांची मुदत कोणत्या तारखेपर्यंत? न वापरलेल्या कार्डांचे पैसे नियमाप्रमाणे वेगळे ठेवले आहेत का? मालकांनी स्वतः फोनवर येऊन खात्री द्यावी.

मालकांनी स्वतः.

पहिल्या मेलला तिनं बाबांच्या नावानं उत्तर दिलं होतं ते निव्वळ सवयीनं. सहा वर्षं हेच चाललं होतं, ते बोलायचे आणि ती टाइप करायची. दुसऱ्या मेलच्या वेळी सवय उरली नाही, लबाडी सुरू झाली. आणि तरीही — हे कुणाला सांगायचं — त्या मेलमध्ये तिनं एक जास्तीचं वाक्य घातलं, अगदी त्यांचं वाटेल असं: ‘काच आणि शब्द, दोन्ही उचलताना कडेनंच धरावे लागतात.’ ते वाचून तिला रडू आलं नाही, उलट बरं वाटलं, कुणीतरी शेजारच्या खोलीत खाकरल्यासारखं. तेव्हापासून मी रोज त्यांच्या नावानं लिहिते आहे. कंपनी उत्तरं मागते आणि मी देते, आणि तेवढा वेळ ते असतात.

खरं सांगितलं तर खातं गोठणार, वारसाचे कागद होईपर्यंत, म्हणजे कित्येक महिने. काचवाल्यानं सकाळीच सांगितलं होतं, उद्यापासून रोख असेल तरच काच. काच नाही तर फ्रेम नाही, आणि मग दोनशे बारा घरांत बाबांचं अक्षर फसवणुकीचा पुरावा म्हणून पडून राहणार.

“काय गं, दुकान उघडं आणि तोंड बंद?”

दारात गणिताच्या बाई उभ्या होत्या, शाळेत तिच्या वहीवर लाल शेरे मारणाऱ्या.

“या ना बाई, बसा.”

“बसत नाही. एकदा बसले की उठवायला दोन माणसं लागतात.” त्यांनी पर्समधून कार्ड काढलं. “वापरायला नाही आले. नुसतं विचारते. चालतं ना हे अजून?”

चोराच्या मनात चांदणं... तिला वाटलं, बाईंना सगळं कळलंय.

“चालतं की,” ती म्हणाली. मागे कामाच्या टेबलाशी बाबांचा जुना कारागीर उगाचच खोकला.

“मी तेव्हाच म्हटलं होतं त्यांना, ही कसली मुदत? उद्या गचकलात तर माझे पैसे बुडाले! तर म्हणतात कसे, बाई, म्हणून तर औषधं वेळेवर घेतोय.” बाई हसल्या, आणि हसू मध्येच थांबलं. “खोटारडा मेला.” कार्ड पुन्हा पर्समध्ये गेलं. “राहू दे. घाई नाही मला.”

त्या गेल्यावरही ते औषधांचं वाक्य दुकानातच राहिलं. वेळेवर घ्यायचे ते औषधं, खरंच, घड्याळ लावून... मी समजत होते, माझ्यासाठी.

पावणेपाचला फोन वाजला. कंपनीचा माणूस, नम्र, दिवसभर बोलून थकलेला.

“सर आहेत का?”

“मी त्यांची मुलगी.”

“सरांशीच बोलावं लागेल हो ताई, खातं त्यांच्या नावावर आहे. मिनिटाचं काम. नाव, जन्मतारीख, आणि फक्त हो म्हणायचं.”

तिनं फोनवर तळहात ठेवला. कारागीर उठून जवळ आला होता. बाबांच्याच वयाचा, तसाच घोगरा आवाज.

“दे इकडे,” तो कुजबुजला. “बावीस वर्षं त्यांच्या हो ला हो केलं. आणखी एक.”

त्याच्या बोटांना सरस लागलेला होता. हात लांब केला की झालं. पैसे सुटतील, काच येईल, कार्डं चालतील... आणि बाबांच्या नावाला कुणीतरी दुसराच ओ देईल. लिहिताना निदान तो आवाज माझ्या डोक्यात त्यांचाच होता.

“ताई? ऐकताय ना?”

“ते गेले,” ती म्हणाली. “तेहतीस दिवस झाले.”

कारागीर मागे सरला, स्टूल शोधून बसला आणि भिंतीकडे पाहू लागला.

“अरे... ताई, मग मला... एक मिनिट हं. वरिष्ठांना विचारतो. लाइनवर राहा.”

कुठलीतरी बेसूर धून सुरू झाली. वाईटच होणार होतं, ते तिला दिसत होतं — बंद मशीन, काचवाला, एकेक कार्ड घेऊन दारात येणारी माणसं — आणि भीती होती तिथेच होती, तसूभर हलली नव्हती. पण ‘ते गेले’ हे वाक्य... शेजारणीनं तिला जवळ घेतलं होतं, नातेवाइकांनी आपसांत फोन केले होते, दवाखान्यानं कागद दिला होता. मी स्वतः ते एकदाही उच्चारलं नव्हतं. आता तोंडात त्याची चव होती, धातूसारखी. फोन कानाशी घट्ट धरून ती त्या माणसाची वाट पाहत राहिली. तो काय ठरवून येईल याची नव्हे. त्यानं परत यावं, पुन्हा एकदा विचारावं, सर आहेत का, आणि तिला ते पुन्हा म्हणता यावं.