माझे दोष लिहा, मॅडम

मी जुना फ्रिज बोलतोय. जरा घरघरत बोलतो, तेवढं सांभाळून घ्या.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते स्वयंपाकघर. दूध, भाज्या, मुलांची औषधं, आणि काय खावं याचा विचार करत माझं दार सताड उघडं ठेवून उभी राहणारी माणसं! पुढे घरात मोठा फ्रिज आला आणि मला भंगारात द्यायचं ठरलं. तेव्हा घरची सून मध्ये पडली. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते.

"आई, हा मला द्या ना, प्रयोगशाळेसाठी."

"ने बाई. पण यात तू किडे ठेवणार ना?"

"किडे नाहीत हो, बुरशी."

"मग तर बघायलाच नको! परत घरात आणू नकोस म्हणजे झालं."

असा मी कॉलेजात आलो. इथे सुनेला सगळे मॅडम म्हणतात, म्हणून मीही. आता माझ्या पोटात काचेच्या कुप्या असतात. एका ओसाड माळावरच्या गवताच्या मुळांशी ही बुरशी वाढायची. तिच्या आधाराने कोरड्या जमिनीतही रोपं तग धरतील, असं मॅडमना वाटतं. त्या माळावर आता इमारती उभ्या आहेत. म्हणजे इथल्या सगळ्या कुप्या मेल्या, की ती बुरशी कायमची गेली.

हे कळल्यापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. शिकवता शिकवता वर्गातला पंखा थांबला, की मॅडम धावत येतात. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा माझ्या दारावर हात ठेवतात. दार मात्र उघडत नाहीत. आतला गारवा जाईल ना!

बुरशीसाठी वीज गेली तरी गारवा टिकवणारी खास शीतपेटी हवी होती, आणि त्यासाठी अनुदान. मॅडमनी प्रस्ताव लिहिला. साऱ्या ओसाड जमिनी हिरव्या करण्याचं वचन त्यात होतं. वर प्राचार्यांनी एक वाक्य घालायला लावलं, "महाविद्यालयात शीतकरणाची उत्तम सोय उपलब्ध आहे."

उत्तम सोय म्हणजे मीच की! खोटं कशाला बोलू, मी थोडा फुगलो.

अनुदान देणाऱ्या समितीचं उत्तर आलं. सोय उपलब्ध असल्यामुळे नव्या यंत्राची गरज दिसत नाही.

त्याच उन्हाळ्यात वीज सारखी जात राहिली आणि माझ्या खालच्या कप्प्यातल्या कुप्या मेल्या. मॅडमनी त्या फेकल्या नाहीत. नुसत्या हातात धरून बसल्या. मला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

मग माझ्या शेजारच्या टेबलावर त्या पुन्हा लिहायला बसल्या. मोठमोठी वचनं खोडली. बुरशी घातलेली रोपं आणि न घातलेली रोपं यांत काय फरक पडला, तेवढंच मांडलं. मग माझी पाळी आली. त्या पुटपुटत लिहू लागल्या, "घरगुती, जुना फ्रिज. दाराचं रबर सैल. वीज गेली की गारवा टिकत नाही."

ऐकताना वाईट वाटलं. जन्मभर राबलो, आणि हे! पण मेलेल्या कुप्या समोरच होत्या. मनात म्हटलं, लिहा मॅडम, मधूनच मी थरथरतो, तेही लिहा. काही राहू देऊ नका.

सहीसाठी प्राचार्य स्वतः प्रयोगशाळेत आले. "अहो, घरचा फ्रिज असं लिहायचं? समिती हसेल. कॉलेजच्या अब्रूचं काय?"

"सर, मागच्या वेळी ऐट केली आणि हात हलवत परत आलो. आणि अब्रू म्हणाल, तर ती दोरीने बांधलीय. बघा ना."

प्राचार्यांनी माझ्या दाराला बांधलेली दोरी पाहिली. "निदान दोरीचं तरी लिहू नका."

"फोटो लावलाय, सर."

त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग सही केली.

पुढचे दिवस कसे काढले, ते माझं मला ठाऊक. अखेर अनुदान मंजूर झालं. शीतपेटी आली. माझ्यासमोरच उभी आहे, अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. तिच्यासाठी वेगळी जोडणी लागते, म्हणून मॅडम वायरमनला आणायला गेल्या आहेत. तेवढ्यात कुणीतरी माझ्या दारावर 'भंगार' असा कागद चिकटवून गेलंय. बाहेर हातगाडीचा खडखडाट ऐकू येतोय.

भंगार तर भंगार. माझी तक्रार नाही. पण दादांनो, उरलेल्या कुप्या अजून माझ्याच पोटात आहेत. मॅडम येईपर्यंत माझ्या बटणाला हात लावू नका. त्या आपल्या हाताने एकेक कुपी पलीकडे ठेवतील. मग मला खुशाल न्या. दोरीसुद्धा काढून टाकू नका, तशीच राहू द्या. अब्रू आहे ती.